हातवाली खुर्ची

‘खुर्ची’ हा शब्द चार खुरांवरून आला, असं माझे बाबा छातीठोकपणे सांगत. गाईला चार खूर, खुर्चीला चार खूर. झालं, संपला विषय! रायपुरात घराबाहेर पाऊल टाकलं की सगळं जग ‘कुर्सी’ म्हणायचं, तर बाबांचं म्हणणं, या हिंदीवाल्यांनी आपला शब्द उचलला अन् त्याचे खूर तोडून टाकले. भाजीवालीशी छत्तीसगढीत, ऑफिसात हिंदीत आणि आईशी भांडताना वऱ्हाडीत बोलणारा हा माणूस या एका शब्दापुरता मात्र कट्टर मराठी होता.

त्यांना पहिला धक्का दिला दफ्तरीचाचांनी. बाबा ज्या सरकारी खात्यात बाबू होते, त्याच खात्याच्या रेकॉर्डरूममध्ये चाचा फायली सांभाळायचे, फाटलेली रजिस्टरं शिवायचे, आणि फुरसत मिळाली की खुर्च्यांचे बेत, म्हणजे वेताच्या बैठका, विणायचे. उर्दू उत्तम. बाबांचं खूरपुराण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाबूजी, गाय को बीच में क्यों लाते हैं? लफ़्ज़ अरबी है.”

मग चाचांनी एकेक अर्थ काढून दाखवला. कुर्सी म्हणजे बसायचं आसन, हे तर झालंच. कुर्सी म्हणजे तख्त. घर बांधताना जमिनीपासून उचललेलं जोतं, त्यालाही मिस्त्री लोक कुर्सी म्हणतात. आणि जुन्या कागदपत्रांत ‘कुर्सीनामा’ असतो, म्हणजे वंशावळ, कोणानंतर कोण बसला त्याचा कागद. “और एक कुर्सी ऊपरवाले की भी है,” चाचा म्हणाले, “उसका नाप नहीं होता. नाप तो सिर्फ़ हमारी-आपकी का होता है.”

बाबा दोन दिवस ऑफिसातल्या खुर्च्यांचे पाय मोजून घरी आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अरबी असंल. पण अरबस्तानात खुर्चीला काय तीन पाय असतात का?”

मी तेव्हा कॉलेजात होते. लायब्ररीत जाऊन जाडजूड कोश उघडला. चाचा बरोबर होते. अरबीच्याही मागे तो शब्द अरामी भाषेत होता, आणि त्याच्याही मागे इराकच्या मातीत, विटांवर कोरून लिहिणाऱ्या लोकांकडे. म्हणजे माणूस लिहायला शिकला तेव्हापासून तो खुर्चीबद्दल लिहून राहिला आहे! मला तर हसूच आलं. आमच्या गावात त्या वर्षी जे चाललं होतं ते पाहता यात नवल असं काहीच नव्हतं.

कारण त्याच वर्षी भोपाळपासून तुटून आमचं वेगळं राज्य झालं होतं, आणि रायपूर त्याची राजधानी.

बाहेरच्यांना वाटतं, राज्य झालं म्हणजे झेंडा लागतो, भाषणं होतात. आमच्याकडे राज्य झालं म्हणजे खुर्च्या कमी पडल्या. कालपर्यंत जिथे एक साहेब होता तिथे नऊ आले, भोपाळहून, आपापल्या पाट्या घेऊन. खोल्या तेवढ्याच, टेबलं तेवढीच. एका साहेबांनी तर सोबत ब्रीफकेसमध्ये पांढरा टॉवेल आणला होता. टॉवेलाशिवाय साहेब कसला? खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असला की समजायचं, इथे सही होते. तर यांच्याकडे टॉवेल होता, पण तो टाकायला खुर्ची नव्हती. शेवटी टेंट हाउसमधून लग्नाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणल्या, आणि त्यातल्या एकीवर टॉवेल पांघरून साहेब बसले. खुर्चीच्या मागे लाल अक्षरात टेंट हाउसचं नाव होतं. टॉवेल नेमका त्याच्यावर यायचा.

सकाळी लवकर येणारे उशिरा येणाऱ्यांच्या खुर्च्या पळवायचे. एका बाबूने आपली खुर्ची सायकलच्या कुलपाने टेबलाला बांधून ठेवली. भोपाळहून सामानाचा ट्रक निघालाय, असं रोज कोणीतरी सांगायचं. तो ट्रक कुठून कुठे पोचला याची चर्चा चहाच्या ठेल्यावर अशी चालायची, की वाटावं घरची वरात येऊन राहिली आहे.

आता सरकारी खुर्चीची जातपात समजून घ्या, नाहीतर माझ्या बाबांचं दुःख तुम्हाला कळणार नाही. बाबूची खुर्ची बिनहाताची. अधीक्षक, म्हणजे सगळ्या बाबूंचा मुखिया, त्याला हातवाली, बेताने विणलेली. त्याच्या वर गादीवाली, आणि त्याच्याही वर फिरणारी. बाबा तेहतीस वर्षं बिनहाताच्या खुर्चीवर बसले होते. त्यातही अर्धेच बसायचे, पुढच्या काठावर, कारण घंटी कधी वाजेल याचा नेम नाही. रिटायर व्हायला जेमतेम अडीच महिने उरले होते. आणि त्याच वेळी राज्य झाल्यामुळे जुने अधीक्षक भोपाळच्या वाट्याला गेले, त्यांची जागा रिकामी झाली, आणि बाबांच्या प्रमोशनचा आदेश निघाला. अधीक्षक!

आईने पेढे वाटले. आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात वाटले, गुढियारीत मावशीकडे पाठवले, सिलतऱ्याच्या प्लांटात काम करणाऱ्या मामाकडे तर डबा भरून पाठवला. शेजारणीला सांगताना ती ‘अधीक्षक’ हा शब्द इतका सावकाश उच्चारायची की त्यात दोन श्वास जायचे.

आदेशात एक ओळ होती: महिन्याभरात चार्ज घ्यावा, नाहीतर आदेश निरस्त, म्हणजे रद्द, समजावा. त्यात काय एवढं? चार्ज घेणे म्हणजे एका छापील यादीवर सही करणे. लोक बसल्या बसल्या करतात. त्या यादीत लिहिलं होतं: टेबल एक, अलमारी दोन, घंटी एक, पेपरवेट तीन, कुर्सी हत्थेदार एक. सगळ्यांपुढे ‘प्राप्त’ लिहायचं आणि खाली सही ठोकायची.

बाबांनी टेबल पाहिलं, प्राप्त. अलमाऱ्या उघडून पाहिल्या, प्राप्त. घंटी वाजवून पाहिली. पेपरवेट दोनच होते, तिसरा शोधायला अर्धा दिवस गेला. हातवाली खुर्ची मात्र नव्हती. म्हणजे होती, पण टॉवेलवाले साहेब प्लास्टिकच्या खुर्चीवरून एकदा घसरल्यावर तिच्यावर जाऊन बसले होते. त्यांची फिरती खुर्ची भोपाळच्या ट्रकात. ट्रक येईपर्यंत अधीक्षकाची खुर्ची साहेबांच्या बुडाखाली.

“साइन कर दीजिए बड़े बाबू, कुर्सी आ जाएगी,” साहेब तिच्यावर रेलून म्हणाले.

“सर, प्राप्त नहीं हुई है,” बाबा उभ्याउभ्या म्हणाले.

आणि तिथेच घोडं अडलं. तेहतीस वर्षांत बाबांनी न मिळालेल्या वस्तूवर ‘मिळाली’ अशी सही केली नव्हती. अहो, ज्या ऑफिसात न बांधलेल्या विहिरी प्राप्त व्हायच्या, न आलेलं बियाणं प्राप्त होऊन वाटलंही जायचं, तिथे माझा बाप एका खुर्चीसाठी अडून बसला! बसला तरी कुठे, उभाच होता.

घरात महाभारत सुरू झालं.

“काहून सही करून नाही राहिले तुम्ही?” आई विचारायची.

“खुर्ची मिळाली नाही.”

“अवो, एक सही तं हाय!”

“एक सही तं हाय म्हणूनच.”

“मी साऱ्या पाऱ्यात पेढे वाटले. आता काय परत मागू का लोकाइले?”

बाबा पेपरात तोंड घालायचे. मला तर दोघांचाही राग यायचा. बाबांचा जास्त. मी म्हणाले, “बाबा, तुम्हाला खुर्ची पाहिजे की खरेपणा पाहिजे, एकदाचं ठरवा.” ते म्हणाले, “दोन्ही. एवढं मोठं राज्य झालं, त्यात दोन्ही एकाच माणसाला नाही मिळू शकत का?”

आमच्या घरात एक हातवाली खुर्ची होती, हे सांगायचं राहिलं. आईच्या लग्नात रुखवतात आली होती. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, गोंदियाला सागवान निवडून, समोर बसून बनवून घेतलेली. जावई सरकारी नोकर, तर त्याला बसायला हात पाहिजेत, एवढाच त्यांचा हिशेब. आणि जावई? जावई तिच्यावर कधी बसले नाहीत. ऑफिसात जे आपल्याला लागू नाही ते घरी कसं वापरायचं, म्हणे! घरी कोण तपासायला येणार होतं? पण नाही. मग तिच्यावर पाहुणे बसायचे, इस्त्रीचे कपडे बसायचे, मांजर बसायचं. आई खाली चटईवर. उजव्या हाताच्या खालच्या बाजूला मी चौथीत असताना कंपासने एक फुली कोरली होती, त्याबद्दल मार खाल्लेला मला अजून आठवतो.

महिना भरायला एक दिवस राहिला. बाबा डबा घेऊन ऑफिसला गेले. आईने दार लावलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, “रिक्षा बोलाव.”

मी कोपऱ्यावरून रिक्षा आणली. सायकलरिक्षात आम्ही दोघी, आणि आमच्या मांडीवर पाय वर केलेली खुर्ची. ऑफिसच्या गेटवर चौकीदाराने अडवलं. खासगी सामान आत न्यायला परवानगी पाहिजे. ही माझी आई, जी देवापुढेही खोटं बोलायची नाही आणि देवामागेही नाही, ती शांतपणे म्हणाली, “सरकारी है भैया. भोपाल से आई.”

“हव?” चौकीदार उठून उभाच राहिला. “भोपाल ले आ गे?”

पुढच्या पाच मिनिटांत सगळ्या इमारतीत बातमी पसरली की ट्रक आला. नऊपैकी चार साहेब व्हरांड्यात आले. टॉवेलवाले साहेब तर टॉवेल हातात घेऊनच आले. एकाने खुर्चीचा हात धरला, दुसऱ्याने पाठ धरली. “यह हमारे यहाँ की है,” एक म्हणाला. “इंडेंट हमारा था,” दुसरा आपल्या मागणीपत्राचा हवाला देत म्हणाला. माझ्या आजोबांच्या सागवानाला इतका मान कधी मिळाला नव्हता.

दफ्तरीचाचा रेकॉर्डरूमच्या दारातून हे पाहत होते. त्यांनी आईला ओळखलं. खुर्चीलाही ओळखलं, कारण तिचा बेत दोन वर्षांपूर्वी त्यांनीच आमच्या घरी येऊन विणला होता. ते आत गेले आणि पांढऱ्या पेंटचा डबा अन् ब्रश घेऊन आले. साहेब लोक भांडत होते तोवर त्यांनी खाली बसून मागच्या पायावर नंबर घातला, ‘अधी. कक्ष’ असं लिहिलं आणि उठून म्हणाले, “हुज़ूर, नंबर पड़ चुका है. अधीक्षक कक्ष की है.”

नंबर पडला म्हणजे पडला. पेंट ओला होता तरी साहेबांनी हात काढून घेतले. सरकारात देवाला कोणी भीत नसेल, नंबराला सगळे भितात.

खुर्ची बाबांच्या खोलीत गेली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर सांगून टाकणार. चाचांनी स्टॉक रजिस्टर उघडून पुढे ठेवलं, चार्जची यादी ठेवली, आणि हळूच म्हणाले, “बाबूजी, कॉलम में पूछा है मिली कि नहीं. कहाँ से मिली, यह किसी ने नहीं पूछा.”

बाबांनी दोनदा वाचलं. खरंच, ‘कुठून’ असं यादीत नव्हतं. स्टॉक रजिस्टरात बिल नंबराचा रकाना होता, तो त्यांनी कोरा सोडला. ‘कुर्सी हत्थेदार एक’ पुढे लिहिलं, प्राप्त. यादीवर आणि रजिस्टरात, दोन्हीकडे सही केली, तारीख टाकली. मग खुर्चीवर बसले. काठावरच बसले, पण हात मात्र दोन्ही हातांवर ठेवले.

ते सहा आठवडे अधीक्षक होते. सहाच आठवडे. आईवर पहिले दोन दिवस धुसफुसले, तिसऱ्या दिवशी जयस्तंभ चौकातून मोगऱ्याचा गजरा घेऊन आले आणि तुळशीजवळ ठेवला. रिटायर झाले तेव्हा ऑफिसच्या लोकांनी हार घालून जीपमधून घरी सोडलं. आई दारात ओवाळायला उभी. तिने जीपमध्ये वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “खुर्ची?”

“सरकारी झाली ती. नंबर पडला,” बाबा म्हणाले.

“माझ्या बापाची खुर्ची!”

“चार्ज दिला. यादीत आहे.”

त्यानंतरची चौदा वर्षं हे भांडण आमच्या घरात नांदलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी गाडी खुर्चीवर यायची. बैठकीतल्या त्या कोपऱ्यात आईने दुसरं काही ठेवू दिलं नाही, कोणी विचारलं तर सांगायची, “सरकारले दान केली.” दारावरच्या पाटीवर मात्र तिनेच लिहून घेतलं होतं: सेवानिवृत्त अधीक्षक. बाबांची पगारवाढीची फाइल भोपाळला गेली ती परत आलीच नाही, पेन्शन बाबूचीच लागली. बाबांनी तक्रार केली नाही. “पाटी आहे ना,” म्हणायचे.

मग चाचा गेले. पुढच्या हिवाळ्यात बाबाही गेले.

तेरवी झाल्यावर मी आईला घेऊन ऑफिसला गेले. आता ऑफिस नव्या रायपुरात. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि ओळखायला माणूसही नाही. इमारतीत सगळ्या खुर्च्या फिरत्या. कॉम्प्युटरसमोर एक तरुण बाबू होता, भला होता. आईच्या पेन्शनचा फॉर्म भरता भरता म्हणाला, “अंतिम पद, सहायक.” म्हणजे बाबूच.

“अधीक्षक,” आई म्हणाली.

“रिकॉर्ड में सहायक है, माताजी.”

“अधीक्षक होते. लिख.”

मी प्रमोशनचा आदेश दाखवला. तो म्हणाला, आदेश ठीक आहे, पण त्यांनी चार्ज घेतल्याचा कागद फाइलीत नाही. चार्ज घेतला नसेल तर आदेश आपोआप निरस्त. शिफ्टिंगमध्ये बरंच काही वाळवीने खाल्लं, दीदी. आई माझ्याकडे पाहत राहिली. पैसे किती कमी-जास्त, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. चौदा वर्षं जी पाटी ती रोज पुसत होती, ती खोटी ठरून राहिली होती.

तेवढ्यात तिने माझा दंड घट्ट धरला. कोपऱ्यात, कूलरच्या मागे, फायलींच्या गठ्ठ्याखाली एक खुर्ची होती. सागवानी. हातवाली. मागच्या पायावर पांढरा नंबर.

मीच बोलले. त्या खुर्चीचा नंबर स्टॉक रजिस्टरात पाहा म्हटलं, अधीक्षक कक्ष. पोराला गंमत वाटली असावी. त्याने जुनं रजिस्टर काढायला लावलं. चाचांनी शिवलेलं होतं, म्हणून पानं शाबूत. सापडलं! कुर्सी हत्थेदार एक, अधीक्षक कक्ष, चार्ज में प्राप्त. खाली बाबांची सही, सहीखाली ‘अधीक्षक’, आणि तारीख, महिना भरायच्या एक दिवस आधीची.

“लो, हो गया!” तो खुशीत म्हणाला. मग त्याचं बोट पुढच्या रकान्यावर थांबलं. बिल नंबर कोरा. त्याने खुर्चीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. हुशार होता. “माताजी, यह ख़रीदी हुई नहीं लगती. आपके घर की तो नहीं? घर की हो तो बोलिए, एंट्री काट देता हूँ, आज ही ले जाइए. यहाँ तो कबाड़ में पड़ी है.”

चौदा वर्षं जी मागत होती ती समोर होती, आणि देणारा देतो म्हणत होता. एक ‘हो’ म्हटलं की बापाची खुर्ची घरी. पण एंट्री कटली की चार्ज कटला, आणि चार्ज कटला की अधीक्षक कटले. आईला हे मी समजावून सांगायची गरज पडली नाही. उभा संसार सरकारी बाबूची बायको म्हणून केला होता तिने.

“नहीं भैया,” ती म्हणाली. “हमारे घर में कुर्सी थीच नहीं. हम सब नीचेच बैठते थे.”

त्याने फॉर्मवर लिहिलं, अंतिम पद: अधीक्षक. शिक्का मारला. आईने त्या ओळीवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “बेटा, पाय दुखून राहिले. दो मिनट बैठूँ क्या उधर?”

पोराने स्वतः फायली उचलल्या, रुमालाने धूळ झटकली. आई बसली. काठावर नाही, मागे टेकून, चांगली ऐसपैस. उजव्या हाताच्या खाली तिची बोटं काहीतरी शोधत गेली आणि माझ्या फुलीवर येऊन थांबली. तिच्या लग्नात आलेली, तिच्याच बापाने दिलेली ती खुर्ची, आणि माझ्या उभ्या आयुष्यात आईला तिच्यावर बसलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

“कशी आहे?” मी विचारलं.

“बरी हाय,” आई म्हणाली. “सरकारची चीज हाय, बरीच असंल.”